चेहऱ्याच्या उजवीकडे, जरा खाली

"मामा, माझ्या आईचा हात कुठे गेला?"

शिंपीणबाईंनी फोटो काउंटरवर ठेवला आणि त्यावर बोट टेकवले. मामांना वाटले, बाई थट्टा करताहेत. फोटो त्यांनी आदल्याच दिवशी पुरा केला होता. जुना, कसरीने खाल्लेला फोटो. खुर्चीत बसलेली एक बाई, अंगावर गडद शाल, एक हात मांडीवर आणि दुसरा खुर्चीच्या दांडीवर. गालावरची भोके, शालीवरची भोके, मागच्या पडद्याच्या चिंध्या, सगळे त्यांनी कॉम्प्युटरवर एकेक करून बुजवले होते, आणि भाचीने छापून पाकिटात घालून दिले होते. आता त्यांनी बाईंच्या बोटाखाली पाहिले. दांडीवर टेकलेल्या हाताला मनगट नव्हते. तिथे चिंचोक्याएवढे पांढरे भोक होते, कडा कुरतडलेल्या, आणि त्याच्या पलीकडे पाच बोटे सुटी पडली होती, कुणीतरी विसरून गेल्यासारखी.

"राहिलं खरं," मामा म्हणाले.

"राहिलं? अहो, आंधळ्यालासुद्धा दिसेल!" बाई म्हणाल्या आणि लगेच जीभ चावली. मामांचा डावा डोळा लहानपणीच गेलेला आहे, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होते.

भाचीने बाजू सावरली. दुकान तिचे होते. मामा तिच्या आईचे भाऊ, म्हणून तिचे मामा, आणि तिचे मामा म्हणून गिऱ्हाइकांचेही मामा. "पहिल्यांदाच दांडी गुल झाली हो त्यांची. उद्या या, आईचा हात जोडून ठेवते."

"माझा एक टाका सुटला तर लोक कपडा तोंडावर फेकतात," बाई पुटपुटल्या; पण फोटो ठेवून गेल्या.

मामा आपल्या जागेवर जाऊन बसले आणि काही वेळ त्यांनी मशीन सुरूच केले नाही. चूक झाली याचे त्यांना एवढे वाटले नाही. चूक कुणाचीही होते. पण ही चूक अशी नव्हती की हात चुकला. हे भोक त्यांनी पाहिलेच नव्हते, आणि दिवसभर त्याच फोटोवर बसून पाहिले नव्हते. शेवटी तपासणीही केली होती, उस्तादांनी शिकवलेली. उस्ताद काचेच्या निगेटिव्हवर शिसपेन्सिलीने काम करणारे म्हातारे होते, बोटे कायम काळी, आणि मामा त्यांच्याकडे लागले तेव्हा मिसरूडही फुटले नव्हते. काम संपले की उस्ताद म्हणायचे, आता डागांकडे बघू नकोस. डाग बघायला गेलास तर एक डाग दिसेल आणि दहा लपतील. त्या माणसाच्या डोळ्यांत बघ. नजर हलवू नकोस. बाकीचं आपोआप येऊ दे. बाजूने काही टोचलं, तर तिथे काम शिल्लक आहे. काही टोचलं नाही, तर माणूस पुरा झाला, त्याला घरी जाऊ दे. मामांनी आयुष्यभर तसेच केले होते. पेन्सिल गेली, ब्रश गेले, अंधारी खोली गेली, भाचीने मशीन आणले आणि माऊस धरायला शिकवला, तरी शेवटची ही एक गोष्ट त्यांनी सोडली नव्हती. कालही ते त्या शालवाल्या बाईच्या डोळ्यांत बघत बसले होते. काहीही टोचले नव्हते. बाई पुरी झाली होती.

त्यांनी फोटो पडद्यावर उघडला. भोक होते. आता त्याच्याभोवती चौकोन काढायचा आणि आत भरायचे, एवढेच. दुकानात या चौकोनाला मुंग्या म्हणत. माऊस दाबून ओढला की तुटक रेघांचा चौकोन उमटतो, आणि त्या रेघा कडेकडेने चालत राहतात, मुंग्यांची रांग घराला प्रदक्षिणा घालते तशा. हा चौकोन फोटोचा नसतो. तो छापला जात नाही, जपून ठेवता येत नाही. बाहेर कुठेही क्लिक केले की गेला. मामांना हे पहिल्या दिवसापासून आवडले होते. पेन्सिल एकदा टेकली की टेकली. इथे नुसते म्हणायचे, हे एवढे माझे, आणि मग सोडून द्यायचे. त्यांनी मनगटाभोवती मुंग्या सोडल्या, आणि सवयीने, कुणाच्या हाताला हात लावण्याआधी त्याच्याकडे बघावे तसे, फोटोतल्या बाईच्या डोळ्यांकडे पाहिले.

मुंग्या नव्हत्या. चौकोन नव्हता. भोकही नव्हते. शाल खाली उतरत आली होती, खुर्चीची दांडी तिच्या खालून सरळ पुढे गेली होती, आणि सगळे अखंड होते.

त्यांना वाटले, मशीन अडकले. त्यांनी हाताकडे पाहिले. मुंग्या चालत होत्या, आत पांढरे भोक. डोळ्यांकडे पाहिले. भोक बुजले. पुन्हा हाताकडे, पुन्हा डोळ्यांकडे. चेहऱ्याच्या उजवीकडे, जरा खाली, वीतभर अंतरावर, जगाचा एक तुकडा नाहीसा होत होता आणि त्याच क्षणी पुन्हा भरला जात होता. अंधार असता तर कळले असते. डावा डोळा गेला तेव्हा अंधारच आला होता. वडील लाकडे फोडत होते, ढलपी उडाली, आणि मग पट्टीखाली एक काळीकुट्ट, दुखरी जागा होती. तिला हात लावता येत होता, तिच्यावर रडता येत होते. इथे काळे काही नव्हते. मनगट दिसत होते असे नव्हे. मनगट नाही, हे दिसत नव्हते.

मग त्यांनी मोठा चौकोन काढला. नजर फोटोतल्या बाईच्या डोळ्यांवर रोवून, नुसत्या हाताच्या अंदाजाने, माऊस ओढत नेला, तशी वरची रेघ दिसू लागली. मुंग्या तिच्यावरून उजवीकडे चालल्या आणि एका ठिकाणी नाहीशा झाल्या. कापल्यासारख्या नव्हे. विरघळल्यासारख्या. त्या जिथे गेल्या तिथे शालीचा काळोखा रंग शांतपणे पसरलेला होता, जणू तिथे कधी कुणी चालतच नव्हते. आणि बऱ्याच खाली, दांडीच्या पायथ्याशी, त्या पुन्हा निघाल्या, एकामागून एक, त्याच चालीने, एकही कमी नाही. लहानपणी गावाबाहेर एक ओढा होता, तो एका मोठ्या खडकाखाली शिरायचा आणि बऱ्याच अंतरावर पुन्हा वर यायचा. पोरे वरच्या बाजूला काडी टाकून खालच्या बाजूला धावत जायची आणि वाट बघत उभी राहायची. काडी मधे कुठे असते? एका मुलाने म्हटले होते, कुठेच नसते, नवीन काडी येते. त्यावरून मारामारी झाली होती. मामा आता एकेका मुंगीची वाट बघत बसले, आणि तीच मुंगी बाहेर येते की दुसरी, हे त्यांना सांगता येईना.

त्या दिवशी त्यांनी मनगट भरून दिले, नजर थेट मनगटावर ठेवून. पण काम संपले की ते पुन्हा चौकोन काढीत. रिकामा, करडा पडदा घ्यायचा, मधोमध एक ठिपका ठेवायचा, त्या ठिपक्याकडे बघायचे आणि मुंग्या सोडायच्या. लहान चौकोन, मोठा चौकोन, उभा, आडवा. कुठे बुडतात, कुठे निघतात. क्लिक केले की पुसले. पुन्हा. हळूहळू त्यांना त्या जागेचा आकार कळू लागला. ती गोल नव्हती. उजवीकडे लिंबाएवढी होती आणि तिथून वर एक शेपूट गेले होते, ते ठिपक्याला वळसा घालून आत येऊ पाहत होते. आपल्याच घरात इतकी वर्षे एक खोली होती आणि आपण तिच्यावरून भिंत समजून हात फिरवत होतो, असे काहीतरी. आणि मागच्या गोष्टी एकेक येऊन तिच्यात बसू लागल्या. तो सायकलवाला, जो आभाळातून पडल्यासारखा अंगावर आला आणि "आजोबा, डोळे घरी ठेवून आलात का?" म्हणून ओरडत गेला. चहाचे कप, जे हल्ली आपोआप लवंडत. समोरचा न्हावी, जो म्हणे हात करतो आणि मामा बघत नाहीत. "मामा हल्ली भाव खातात," असे त्याने भाचीला ऐकवले होते. तेव्हा रस्ता अखंड होता. टेबल अखंड होते. न्हाव्याच्या दुकानाचे दार होते आणि दारात कुणी नव्हते.

भीती होतीच. एकच डोळा, तो गेला तर मागे काय राहते, याचा हिशेब करायला शहाणपण लागत नाही. पण भीतीच्याही खाली दुसरे काहीतरी होते, आणि ते कुणाला सांगण्यासारखे नव्हते. मामांनी आयुष्यभर भोके बुजवली होती. शेजारचा रंग घ्यायचा, शेजारचा पोत घ्यायचा, रेघ कुठून आली आणि कुठे चालली होती ते ओळखून मधला रस्ता जोडायचा. चांगले काम म्हणजे जे केलेले कळत नाही. एका गालासाठी त्यांचा अर्धा दिवस जाई. आणि इथे आत कुणीतरी बसले होते, जे नजर हलली की त्याच क्षणी, भिंत असेल तर भिंत, रस्ता असेल तर रस्ता, कापड असेल तर त्याचा विणीसकट तुकडा काढून त्या भोकावर बसवत होते. सांधा नाही, घाई नाही, शाबासकीची अपेक्षा नाही. झोपेतून डोळा उघडला की ते कामावर हजर. उस्तादांच्याही हाताला एवढी सफाई नव्हती. कोण आहे हा? आणि तो मला का सांगत नाही? मग त्यांच्या लक्षात आले की तो तरी काय सांगणार. आपण तरी कधी गिऱ्हाइकाला सांगितले का, इथे तुमच्या वडिलांचा कान नव्हता म्हणून.

"मामा, जमीन मोजताय का?"

भाची मागे उभी होती. किती वेळ, कोण जाणे. पडद्यावर काही नव्हते. ठिपका आणि त्याच्या उजवीकडे एक लांबडा चौकोन.

"काही नाही. सहज."

"दोन दिवस बघतेय सहज. घरं आखता आणि पाडता. बिल्डर व्हायचंय का या वयात?"

मामा हसले नाहीत. भाचीने स्टूल ओढले आणि बसली. त्यांनी माऊस सोडला, आणि कधी नव्हे ते डोळ्यावरून हात फिरवला, आणि सांगितले. सांगताना ते उत्साहाने सांगू लागले, "हे बघ, इथे शिरतात, आणि इथे निघतात, मधे शाल कशी भरते बघ, तुला नाही दिसणार, पण मला दिसतं, म्हणजे दिसत नाही..." भाचीचा चेहरा उतरत गेला, हे त्यांना दिसले, कारण ते थेट तिच्याकडेच बघत होते.

"मामीला माहितीये?"

"नाही."

"आणि डॉक्टरला?"

"डॉक्टर काय करणार?"

"म्हणजे कळलंय तुम्हाला काय असू शकतं ते, आणि तुम्ही इथे मुंग्यांशी खेळताय!" तिचा आवाज चढला, मग फुटला. "एक तर डोळा आहे, मामा." तिने भरदुपारी दुकानाचे शटर ओढले.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि कमी बोलत. त्यांनी मामांना एका मोठ्या पांढऱ्या वाडग्यासमोर हनुवटी टेकवून बसवले, हातात बटण दिले आणि सांगितले, मधल्या दिव्याकडेच बघायचं. बाजूला कुठेही बारीक उजेड दिसला की दाबायचं. खोली अंधारी केली. मामा मधल्या दिव्याकडे बघत राहिले. उजेडाचे कण लुकलुकू लागले, वर, खाली, डावीकडे, कधी इतके मंद की दिसले की वाटले ते कळेना. मग एकदम शांतता झाली. काहीच लुकलुकेना, आणि तरी यंत्र बारीक कुरकुरत होते. म्हणजे आता उजेड त्या खोलीत पडताहेत, एकामागून एक, आणि मी इथे बाहेर बसलोय. त्यांना ते सहन होईना. त्यांनी बटण दाबले. पुन्हा दाबले. कुरकुर झाली की दाबायचे, असे त्यांनी ठरवले, आणि परीक्षेत शेजाऱ्याच्या पाटीवरून लिहिणाऱ्या पोरासारखी त्यांची छाती धडधडू लागली.

यंत्र थांबले. "आजोबा," डॉक्टरीणबाई अंधारातून म्हणाल्या, "दिवा नसतानाही दाबताय. यंत्राला कळतं ते."

"मला वाटलं, असेल."

"असेल म्हणून नाही. दिसला म्हणून दाबा. मला तुमचं खरं बघायचंय." त्या रागावल्या नव्हत्या. मामांनी पुन्हा हनुवटी टेकवली आणि या वेळी खरे सांगितले. शांतता आली तेव्हा तिला शांतता राहू दिले. आयुष्यात इतके कठीण काम त्यांनी फार थोड्या वेळा केले होते.

मग दिवा लागला. डॉक्टरीणबाईंनी कागदावरचा आकार दाखवला, लिंबू आणि त्याचे शेपूट, आणि मामांना आपले ओळखीचे कुणी भेटल्यासारखे झाले. डोळ्यातला दाब वाढलाय, त्या म्हणाल्या. गेलं ते परत येणार नाही. राहिलेलं राखता येईल. रोज संध्याकाळी एक थेंब, न चुकता, जन्मभर. कंटाळा केलात तर हे शेपूट मधे येईल, आणि मग काही करता येणार नाही.

"काम?" मामांनी विचारले.

"करा की. पण नजर फिरती ठेवा. एका जागी खिळवून बघत बसायचं नाही. जे बघायचं त्याच्याकडे थेट बघायचं."

मामांनी मान हलवली. उस्ताद गेले तेव्हा त्यांना रडू आले नव्हते. आता त्यांनी शिकवलेली तपासणीही गेली, आणि मामांनी डोळा पुसला.

"पण डॉक्टर," भाची म्हणाली, "इतके दिवस कळलं कसं नाही त्यांना?"

"कुणालाच कळत नाही. एक लहानसा आंधळा ठिपका सगळ्यांनाच असतो, अगदी जन्मापासून. तुम्हालासुद्धा."

"मला? छे!"

डॉक्टरीणबाईंनी तिला डावा डोळा झाकायला लावला, भिंतीवरच्या खुणेकडे बघायला सांगितले आणि पेनाचे टोपण हळूहळू उजवीकडे नेले. भाची बघत होती, बघत होती, आणि एकदम किंचाळली, "गेलं! अगं बाई, गेलं!" आणि तोंडावर हात ठेवून मामांकडे बघू लागली. त्या क्षणी ती आठ वर्षांची दिसत होती.

दोघे बाहेर आले. शाळा सुटली होती, कचेऱ्या सुटत होत्या. पदपथ माणसांनी भरला होता. मामा नजर फिरती ठेवून चालले होते, आणि प्रत्येक चेहऱ्याकडे बघताना त्यांना वाटत होते, ह्यालाही आहे. ह्या टोपलीवाल्यालाही, ह्या फोनवर भांडणाऱ्या बाईलाही, कडेवरच्या पोरालाही. एवढी माणसे, प्रत्येकाच्या जगाला भोक, आणि प्रत्येकाच्या आत कुणीतरी बसून ते बुजवतेय, न थकता, न बोलता. आणि त्या ठिगळांवर पाय देत सगळे कसे बिनघोर चाललेत, एकमेकांना वाट देत, एकमेकांना धक्के देत. ते चालता चालता थांबले. देवळात शिरावे आणि आत आपण समजत होतो त्याहून फार उंच छत निघावे, तसे त्यांना त्या पदपथावर झाले.

"बसायचंय का?" भाचीने दंड धरला.

"नाही. चल."

घरी मामींनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "म्हणून मी दारात उभी असले तरी 'कुठे गेलीस' म्हणून हाका मारता होय. मला वाटायचं, म्हाताऱ्याला चळ लागला." आणि स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी बराच वेळ नळ उघडा ठेवला. भाची तिच्या घरी गेली. मामी बाहेर आल्या तेव्हा त्यांचे डोळे लाल होते आणि हातात थेंबांची बाटली होती.

"बसा खुर्चीत. मान मागे. वर बघा, डॉक्टर म्हणाल्यात."

"हलवायची आहे आधी बाटली."

"हलवतेय. मला वाचता येतं."

मामा मान मागे टेकून बसले. खोलीत अजून दिवसाचा उजेड होता. मामी दोन पावलांवर, उजवीकडे, बाटली हलवत उभ्या होत्या. मामांनी छताच्या कोपऱ्याकडे पाहिले, आणि मामींचा चेहरा गेला.

मामींच्या अंगावरची शाल होती, खांदे होते, बाटली हलवणारा हात होता. खांद्यांच्या वर थेट भिंत होती. पिवळसर, ओल धरलेली, तिचा एक पोपडासुद्धा बरोबर पुढे गेलेला. कुठे सांधा नाही. इतक्या वर्षांचा चेहरा, कपाळावरच्या आठ्यांसकट, आणि त्या जागी इतके निर्दोष काम. मामांना ते बघवेना आणि नजर काढवेना. एवढ्या सहज. कधीतरी शेपूट मधे येईल, आणि मग ही अशीच नीट बुजवली जाईल, आणि मला टोचणारही नाही.

त्यांनी झटकन तिच्याकडे पाहिले. मामी होत्या, ओठ मुडपून बाटलीचे झाकण काढत होत्या.

"वर बघा म्हटलं ना! अजून टाकलासुद्धा नाही, तर हललात."

"वर बघतो. पण तू बोलत राहा."

"काय बोलू?"

"काहीही. तिथेच उभी राहून बोल थोडं. मग टाक."

मामींनी त्यांच्याकडे एकदा नीट पाहिले. का, हे त्यांनी विचारले नाही. मामांनी मान मागे टेकली आणि पुन्हा छताच्या कोपऱ्याकडे पाहिले. त्या नाहीशा झाल्या. आणि जिथे त्या नव्हत्या, त्या कोऱ्या भिंतीतून, आज दूध पुन्हा उतू गेले, शेगडी घासून घासून खांदा आखडला, आणि तुमची भाची आली की चहाचे कप कधी जागेवर ठेवत नाही, हे सगळे ऐकू येऊ लागले. आवाज हळूहळू जवळ आला, आणि थेंब नेमका डोळ्यात पडला.